दोन्ही बाजू लिहा

मी भांडखोर आहे. माझ्या घरी आणि शाळेत हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा वाचणाऱ्यालाही आधीच कळलेलं बरं. सिल्वासात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मात्र सगळं धुळे जिल्ह्यात, मराठीतून झालं. नवरा राखोलीला धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्याच्या नोकरीपायी लग्नानंतर इकडे आले. इथे मराठी शाळेत जागा नव्हती आणि इंग्रजी शाळेला गणिताची बाई मिळत नव्हती. त्यांना गरज होती आणि मला काम हवं होतं, एवढ्यावर आमचं जमलं. दर वर्षी मला नव्याने नेमणूक देतात. जूनमध्ये फोन आला तर मी टीचर, नाही आला तर घरी.

सुरुवातीला मला गणित येत होतं, पण गणिताचं इंग्रजी येत नव्हतं. छेद, अंश, त्रिज्या, लसावि हे सगळं मला पुन्हा शिकावं लागलं, तेही वर्गावर जाण्याआधी, मुलांच्याच पुस्तकातून. त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात कायमचा घर करून बसला. इनइक्वॅलिटी.

आम्ही त्याला असमानता म्हणायचो. आमच्या गुरुजींनी चिन्ह शिकवताना चिमणीची चोच सांगितली होती. चोच उघडी असेल तिकडे मोठी संख्या, कारण चिमणी मोठ्या दाण्याकडे बघते. त्यापलीकडे त्या शब्दात आम्हाला काही दिसलं नाही. दुसरा एक शब्द होता, विषमता. तो गणिताच्या तासाला कधी आला नाही. तो निबंधात यायचा आणि पंधरा ऑगस्टला पाहुण्यांच्या भाषणात यायचा. आता, विषम म्हणजे दोनाने भाग न जाणारी संख्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे कोणी 'समाजातील विषमता' म्हणालं की मला आपले एक, तीन, पाच, सात असे आकडे मैदानात ओळीने उभे राहिलेले दिसायचे. मराठीत हे दोन शब्द दोन वेगळ्या घरांत राहत होते आणि त्यांची कधी गाठ पडली नाही, म्हणून मला कधी प्रश्नही पडला नाही.

इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे हे मला इथे स्टाफरूममध्ये कळलं. मी धड्याची तयारी करत पुटपुटत होते, तर सोशल सायन्स शिकवणाऱ्या गुजराती बाईंनी मान वर केली.

"बेन, ए तो मारो शब्द छे," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्यांचं पुस्तक उघडून दाखवलं. एका धड्याच्या मथळ्यावर तोच शब्द होता. खाली चित्र होतं, डोक्यावर हंडा घेतलेली बाई आणि मागे उंच इमारत. मी माझं पुस्तक दाखवलं. त्यात तीन, मध्ये चोच, आणि पाच. आम्ही दोघी हसलो. त्यांच्या पुस्तकात तो शब्द आला की मुलांनी वाईट वाटून घ्यायचं असतं. माझ्या पुस्तकात तीनला पाचाचा हेवा वाटत नाही. तीन लहान आहे म्हणजे तीनवर अन्याय झाला असं कोणी म्हणत नाही, आणि पाचाने काही मोठेपणा केला असंही नाही. तो नुसता मोठा आहे.

पण पुढे शिकवता शिकवता मला एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी या विषयावर रोज वाद घालते. माझ्या पुस्तकातला शब्द कोरडा असेल, पण तो शिस्तीचा आहे. गणितात नुसतं चिन्ह लिहून चालत नाही. डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे लिहावंच लागतं. कोण कोणापेक्षा लहान, हे नाव घेऊन सांगावं लागतं. त्यांच्या पुस्तकात आणि वर्तमानपत्रात खुशाल लिहितात की अमुक ठिकाणी खूप इनइक्वॅलिटी आहे. कोणाची आणि कोणापेक्षा, ते विचारायचं नाही. चोच उघडी आहे, पण दोन्हीकडे दाणाच नाही. आमच्याकडे असं लिहिलं तर मी शून्य मार्क देते.

ही माझी सवय वर्गात सगळ्यांना माहीत झाली होती. वहीत लाल पेनाने 'दोन्ही बाजू लिहा' असा शेरा मी इतक्यांदा दिला आहे की मुलं मधल्या सुट्टीत माझी नक्कल करतात. एकाने डबा उघडून 'भाजी कमी आहे' म्हटलं की दुसरा नाकावर चष्मा ओढून विचारतो, "कशापेक्षा? दोन्ही बाजू लिहा." मी ऐकलं आहे, आणि मला ते आवडतं.

माझ्याकडे 'सी' तुकडी असते. शाळेत तुकड्या हुशारीवर पाडतात असं सांगतात. प्रवेशाच्या वेळी एक छोटी तोंडी परीक्षा घेतात, इंग्रजीत. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे ती मुलं 'ए' मध्ये जातात, ज्यांच्या घरी एक जण तरी फाडफाड बोलतो ती 'बी' मध्ये, आणि बाकीची माझ्याकडे येतात. 'ए' मधल्या मुलांचे वडील मुंबई, पुणे, नाशिककडून आलेले इंजिनिअर आणि मॅनेजर. माझ्या मुलांचे आई-वडील त्यांच्याच कंपन्यांत मशीनवर. कधी कधी गंमत म्हणजे 'ए' मधल्या मुलाचे वडील आणि 'सी' मधल्या मुलीची आई एकाच छपराखाली काम करतात आणि दोघांना ते माहीतही नसतं. माझ्या मुलांना चार भाषा अर्ध्या अर्ध्या येतात आणि परीक्षा घेणारा नेमकी पाचवी विचारतो.

ही गोष्ट घडली त्या वर्षी दहावीच्या 'सी' तुकडीत एक मुलगी होती. तिचं घर आमच्याच मुलखातलं, शिरपूरकडचं. वडील नव्हते. आई राखोलीलाच दुसऱ्या एका धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारख्या गुंडाळ्या, तपासायच्या, पिशवीत घालायच्या, खोक्यात रचायच्या, हे काम. ही मुलगी काही तल्लख वगैरे नव्हती. चुका करायची, भरपूर करायची, पण केलेली चूक सोडायची नाही. ती का झाली हे कळेपर्यंत माझ्या टेबलाशी उभी राहायची. तिला असमानतेची उदाहरणं फार आवडायची. समीकरण सोडवलं की एक उत्तर येतं आणि खेळ संपतो, असं तिचं म्हणणं. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यारेषेवरचा अख्खा पट्टा. तो ती रंगवायची, आणि बाण काढायची, पुढे जात राहणारा.

तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, गणित घेऊन. का, असं मी एकदा विचारलं.

"आईच्या कंपनीत नवी लाइन टाकायला पुण्याहून लोक आले होते," ती म्हणाली. "त्यांनी जमिनीवर खडूने रेघा मारल्या आणि सांगितलं की ही मशीन इथे, ती तिथे. मला मशीन चालवायची नाही, टीचर. मला खडू पाहिजे."

मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला उगाच रागावले आणि जागेवर बसवलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला एका कंपनीचे मोठे साहेब पाहुणे होते. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. चांगलं बोलले. आपल्या देशात इनइक्वॅलिटी आहे, ती मिटवायला हवी, तरुण पिढीने ती मिटवावी, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. टाळ्या झाल्या, जिलबी वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात ही मुलगी हात वर करून उभी राहिली.

"टीचर, कालच्या सरांनी इतक्या वेळा इनइक्वॅलिटी म्हटलं, पण एकदा पण दोन्ही बाजू सांगितल्या नाहीत. तुम्ही किती मार्क दिले असते?"

वर्ग हसला. मी म्हटलं, पाहुण्यांना मार्क द्यायची पद्धत नाही, बस खाली. पण पुढची उदाहरणं फळ्यावर लिहिताना माझंही हसू थांबत नव्हतं.

आता खरी गोष्ट. आमच्या बोर्डात दहावीच्या गणिताचे दोन प्रकार आहेत, बेसिक आणि स्टँडर्ड. पुस्तक एकच, पेपर वेगळे. बेसिकचा पेपर सोपा असतो. ज्याला पुढे गणिताशी देणंघेणं नाही त्याने तो द्यावा, अशी सोय आहे, आणि सोय चांगली आहे. पण आमच्याकडे अकरावीला सायन्सच्या गणितासाठी स्टँडर्डवालाच घेतात. त्यामुळे बेसिक निवडलं की पुढचं एक दार लागतं. निवड मुलांची आणि पालकांची. शाळेने फक्त ती पोर्टलवर भरायची.

शाळेने काय केलं, तर सगळ्या 'सी' तुकडीला बेसिक द्यायचं ठरवलं. कारण उघड होतं. निकाल चांगला लागतो. सूचना निघाली, इंग्रजीत. ज्या पालकांना स्टँडर्ड हवं असेल त्यांनी बुधवारी सकाळी अकराला शाळेत मीटिंगला यावं. जे येणार नाहीत त्यांची बेसिकला संमती आहे असं समजलं जाईल.

बुधवारी सकाळी अकरा. मी ती वेळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. ज्यांना सूचना कळायला हवी त्यांना इंग्रजी येत नाही, आणि ज्यांनी यायला हवं ते त्या वेळी मशीनवर असतात. आमच्या राखोलीच्या कंपन्यांत रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. रिलीव्हर म्हणजे आपली जागा घेणारा दुसरा माणूस. तो आला नाही तर आपली पाळी संपली तरी आपण तिथेच. आमचे हे कित्येकदा रिलीव्हर न आल्यामुळे सकाळी जायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उगवायचे. अशा लोकांना बुधवारी अकराला बोलावणं म्हणजे येऊ नका असं सांगणं.

मी मुख्याध्यापिकांना म्हटलं की मीटिंग रविवारी ठेवा. त्या नाशिकच्या. माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या मुलाच्या आजारपणात त्यांनी स्वतःची गाडी दिली होती. पण त्यांना निकालाची फार काळजी.

"रविवारी स्टाफ कोण येणार?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही बघालच, कोणी येणार नाही. त्यांना यात इंटरेस्ट नसतो हो."

मी वर्गात सूचना मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत समजावून सांगितली. मुलांनी माना डोलावल्या. बहुतेकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की घरून कोणी येणार नाही. त्या मुलीने मात्र दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "माझी आई येणार. तिच्या टेबलवर तिची मैत्रीण उभी राहणार आहे. पाळीतून बाहेर पडायचा गेटपास पण मिळालाय."

बुधवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. अकराला 'ए' तुकडीचे पालक आले, ज्यांच्या मुलांचा यात काही प्रश्नच नव्हता. ते आपले आले, कारण त्यांना येता येतं. कोणी इस्त्रीच्या शर्टात, कोणी लॅपटॉपची बॅग खांद्याला. 'बी' चेही बरेच आले. चहा झाला. मुख्याध्यापिकांनी पडद्यावर माहिती दाखवली. मी सारखी दाराकडे बघत होते. त्या मुलीला मी मुद्दाम पाणी द्यायच्या कामाला हॉलमध्ये ठेवलं होतं. तीही दाराकडेच बघत होती. 'सी' तुकडीच्या रांगेतल्या खुर्च्या तशाच रिकाम्या राहिल्या. मीटिंग संपली. खुर्च्या सरकल्या. मुख्याध्यापिका माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "बघितलंत?" त्यात कुत्सितपणा नव्हता. खरंच वाईट वाटल्यासारखा आवाज होता, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला.

मुलगी ग्लास गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेटपास कॅन्सल झाला असेल, टीचर." तिथे थांबले असते तर तिच्या देखत काहीतरी भलतं बोलून गेले असते. पर्स उचलली आणि घरी जाऊन जेवून येते असं शिपायाला सांगून निघाले.

मी स्कूटी मागच्या गेटपाशी लावते. ते गेट म्हणजे व्हॅन, भाजीवाला आणि कचऱ्याची गाडी यांच्यासाठी. तिथे पोचले तर गजाच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत एक बाई उभी. कंपनीचा निळा एप्रन, डोक्याला कापडी टोपी, हातात चुरगळलेला गेटपास. मुलीचा चेहरा तिच्यावरच बेतलेला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"ताई, तुम्ही इथे?" मी विचारलं.

"मी कव्हयनी उभी शे, मॅडम," ती आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे केव्हाची उभी आहे. "बलावतीन म्हनीसन उभी शे."

ती अकराच्या आधीच आली होती. राखोलीहून रिक्षाने येऊन, शाळेच्या पुढच्या गेटासमोरच उतरली होती. तिथे गाड्या लागलेल्या बघितल्या, शर्टपँटमधली माणसं आत जाताना बघितली, आणि भिंतीला वळसा घालून मागे आली. गेटला आतून कडी होती. इथूनच बोलावतील, नाव पुकारतील, म्हणून थांबली. मीटिंगचा सगळा वेळ ती गजाला हात लावून उभी होती आणि आत पडद्यावर माहिती चालली होती.

"पण मागे कशाला आलात? पुढे गेट होतं ना?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "कंपनीमा आपलं गेट मांगेच ऱ्हास ना," ती म्हणाली.

खरं होतं तिचं. तिच्या कंपनीला दोन गेट आहेत. माझ्या नवऱ्याच्याही आहेत. पुढचं साहेबांचं आणि पाहुण्यांचं, मागचं कामगारांचं. कँटीन दोन, संडास दोन, गाड्याही दोन. जिथे तिने जीव तोडून काम केलं त्या प्रत्येक ठिकाणी तिची वाट मागूनच होती. शाळेने तिला मागे जा असं सांगितलं नव्हतं. कोणी सांगावं लागतच नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं. अशी चूक नाशिकच्या इंजिनिअरकडून कधी होणार नाही. त्याला चुकून मागे जायला सांगितलं तरी तो पुढूनच येईल.

मला त्या वेळी रडू आलं असं लिहायला हरकत नव्हती, पण आलं नाही. मला संताप आला. कडी काढून तिला तिथूनच आत घेता आलं असतं. मी घेतलं नाही. मी स्वतः बाहेर पडले आणि अहिराणीतच म्हटलं, "तू मनासंगे चाल," माझ्यासोबत चल. भिंतीला वळसा घालून आम्ही पुढच्या गेटवर आलो. वॉचमनने तिच्या एप्रनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचार करून बाजूला झाला. ती व्हरांड्याच्या कडेकडेने चालू लागली, तिला मी मधून चालायला लावलं. ऑफिसच्या दाराशी तिने चपला काढल्या. आत सगळ्यांच्या पायात बूट होते, म्हणून मी तिला त्या परत घालायला लावल्या. ती मला घाबरत होती की शाळेला, कोण जाणे.

मुख्याध्यापिका पोर्टल उघडून बसल्या होत्या. मी सांगितलं, ही अमुक मुलीची आई, स्टँडर्डसाठी आली आहे.

"मीटिंग संपली ना आता," त्या म्हणाल्या.

"त्या मीटिंगच्या आधीपासून आल्या आहेत. मागच्या गेटवर उभ्या होत्या."

"मागच्या गेटवर? कोणी सांगितलं तिथे थांबायला?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "हेच मला म्हणायचंय."

त्यांनी कपाळाला हात लावला. "हे बघा, नियम सगळ्यांना सारखा आहे. सूचना सगळ्यांना एकच गेली. वेळ सगळ्यांना एकच दिली. यात शाळेने भेदभाव काय केला? तुम्ही गणिताच्या टीचर आहात, तेवढंच शिकवा. इनइक्वॅलिटीवरची भाषणं सोशल सायन्सवाल्या देतील."

हे ऐकून मला बरंच वाटलं, कारण बाईंनी स्वतःच मला माझ्या मैदानात आणून सोडलं होतं.

"मी भाषण करतच नाहीये," मी म्हटलं. "भाषणात दोन्ही बाजू लिहायच्या नसतात. मी गणितातलं बोलतेय. एकीकडे ते पालक, ज्यांना साहेबाला नुसतं 'जाऊन येतो' म्हटलं की निघता येतं. दुसरीकडे या, ज्यांना टेबल सोडायला दुसऱ्या बाईला हातापाया पडून उभं करावं लागतं, आणि गेटपास मिळाला तरी कुठल्या गेटने आत यायचं ते ठाऊक नसतं. दोन्ही बाजूंना तुम्ही अकरा हाच आकडा दिलात. दोन्ही बाजूंना सारखंच मिळवलं की असमानता बदलत नाही, बाई. तशीच राहते. हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो."

"आवाज खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

मी ठेवला. पण पुढचं बोलले. "वर्गाची माहिती भरायचं काम माझं आहे. या मुलीपुढे मी बेसिक भरणार नाही. तुम्हाला भरायचं असेल तर तुम्ही भरा, तुमच्या लॉगिनने."

जूनमध्ये मला फोन येणार नाही, हे त्या क्षणी आम्हा दोघींनाही दिसत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. भीती वाटली का? वाटली. घराचा हप्ता, मुलाची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी मी खुर्चीत बसून राहिले.

मग त्यांनी माझा नाद सोडला आणि आईकडे वळल्या. माझ्याशी इतका वेळ अस्खलित मराठीत बोलणाऱ्या बाई तिच्याशी हिंदीत बोलायला लागल्या. इथे हे असंच आहे. अंगावर एप्रन दिसला की समोरच्याची भाषा हिंदी होते, मग तो माणूस धुळ्याचा का असेना.

"देखिए, आप समझो," त्या तिला म्हणाल्या. "स्टँडर्ड बहुत कठिन है. बच्ची फेल हो गई तो?"

आई उभीच होती. तिने गेटपासाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

"फेल झाली तर पुन्हा बसंल," ती मराठीत म्हणाली. "मी पहिल्या महिन्यात पॅकिंगला किती माल खराब केला, सुपरवायझरला विचारा. शिकले ना."

"लेकिन ये कंपनी का काम नहीं है. ये पढाई है. घर पे मदद लगती है. 'ए' के बच्चों के पेरेंट्स खुद बैठते हैं रोज." बाईंचा आवाज आता समजुतीचा झाला होता. "आप तो ड्यूटी पे. घर पे कौन पढाएगा इसको?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या ट्रॉफ्यांकडे, मग बाईंकडे. तिला उद्धट बोलायचं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता, तो तिने विचारला.

"घरी शिकवता आलं असतं, तर तुमच्याकडं कशाला पाठवली असती?"

मुख्याध्यापिका खुर्ची मागे सरकवून उठल्या, कीबोर्ड माझ्या बाजूला वळवला आणि म्हणाल्या, "भरा काय भरायचं ते."

मी त्या मुलीचं नाव उघडलं, आईला पडदा दिसेल असा वळवला आणि स्टँडर्डवर टिचकी मारली. मग पुढचं नाव उघडलं. त्या मुलाच्या नावापुढे ऑफिसने बेसिक आधीच निवडून ठेवलेलं होतं. मी ते काढून रिकामं केलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"याची आई रात्रपाळीला असते," मी म्हटलं. "ती उद्या सकाळी येईल."

"आणि त्यानंतरचे?"

"ते सगळे येतील," मी म्हटलं आणि तिसरं नाव उघडलं.